गोदाराणी आणि नागलीची भाकर

शहरात आज नाचणीचं पीठ पाकिटातून महाग विकलं जातं. तलासरीच्या डोंगरउतारावर तिलाच नागली म्हणतात, आणि ऐंशी वर्षांपूर्वी ती पिकवणाऱ्यांनाच ती वर्षभर पुरत नसे. ही भूक जवळून पाहिली ती गोदावरी परुळेकरांनी.

१४ ऑगस्ट १९०७ ला पुण्याच्या गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिलांमध्ये त्यांची गणना होते. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह. वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण १९४५ मध्ये किसान सभेचं काम घेऊन त्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पोचल्या.

जमीन सावकाराची, त्यामुळे पिकाचा मोठा वाटा खंडात जाई. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की खावटी घ्यायची आणि सुगीला ती वाढीसकट धान्यातच फेडायची. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघंही लग्नगडी, म्हणजे सावकाराचे गुलामच. २३ मे १९४५ ला झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले, पण वेठ मोडली. बाईंना वारली गोदाराणी म्हणू लागले.

आता त्या भाकरीकडे वळू. नागलीचं साल आतल्या मऊ गाभ्याला घट्ट चिकटलेलं असतं. तांदळासारखं तिला सहज पॉलिश करता येत नाही, म्हणून ती सालासकटच दळतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. तंतूंमुळे रक्तातली साखर सावकाश चढते. काही तंतू आतड्यात पित्ताम्लं अडकवून बाहेर नेतात. ती पुन्हा बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि धमन्यांत साचायला ते कमी उरतं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात भरपूर तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात यांसारखे आजार आणि त्यांनी होणारे मृत्यू १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले.

म्हणून जुने वारली निरोगी होते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. साल कितीही गुणाचं असलं तरी भाकर चतकोर मिळत असेल तर त्याचा काय उपयोग? आहाराच्या तक्त्यात खावटीचा रकाना नसतो.

गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० चं. त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शामराव १९६५ मध्येच गेले होते, तरी बाईंनी काम सोडलं नाही. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्या गेल्या. पाड्यांवर आता रेशनचा पांढरा तांदूळ पोचतो आणि नागलीची खाचरं कमी होत चालली आहेत.