जमिनीसाठी विसावा मागणारे जोतीराव

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून बिंदू चौक पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसविण्यात आले, तेही बाबासाहेब हयात असताना. दर जयंतीला तेथे भाषणे होतात. मुलींची शाळा येते, पाण्याचा हौद येतो. पण शेतातल्या मातीचा हिशेब मांडणारे जोतीराव वक्त्यांच्या तोंडी क्वचितच येतात.

जोतीराव १८२७ साली जन्मले. मूळ गाव साताऱ्याकडचे कटगुण, घरचा धंदा फुलांचा आणि बागाईतीचा. शूद्राच्या पोराला विद्या कशाला, असे वडिलांच्या मनात भरवून देणारा भटजी कारकून भेटला आणि गोविंदरावांनी पोराला शाळेतून काढून शेतात लावले. गफ्फार बेग मुन्शी व लेजिट साहेब मध्ये पडले म्हणून पुन्हा शाळा दिसली. भटशाहीने हिरावलेल्या त्या वर्षांत हाती खुरपे आले, ते मात्र पुढे जन्मभर कामाला आले. कंत्राटदारी केली, मांजरीला शेती केली. १८४८ आणि १८७३ चा इतिहास आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे, तो येथे उगाळत नाही.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. जमीन नापीक का झाली, याचे उत्तर साहेब लोक कुणब्याच्या अडाणीपणात शोधत होते. जोतीरावांनी ते साफ खोडून काढले. पूर्वी शेतकरी आळीपाळीने एकेक शेत पडीक टाकी आणि जमिनीला विसावा मिळे. खाणारी तोंडे वाढली, जमीन तेवढीच राहिली, सारा चढला. मग विसावा देणार कशाच्या जोरावर? त्यात जंगलखात्याने गायराने बळकावली. गुरे घटली, शेणखत घटले. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मातीचे सत्त्व वळवाच्या पावसाने धुपून ओढ्यात वाया जाते, ते अडवायला ताली-बंधारे घाला आणि रिकाम्या लष्कराला व पोलिसांना त्या कामी लावा, अशी त्यांची मागणी होती. मुंबई इलाख्यात बांधबंदिस्तीचा कायदा आला तो १९४२ साली, म्हणजे ५९ वर्षांनी!

आज एक गोष्ट आम्ही जोडू. विसावा म्हणजे उघडी नांगरट नव्हे. उघड्या रानावर पावसाचा थेंब आदळला की ढेकूळ फुटते, माती पाण्याबरोबर चालू लागते. म्हणून पडीक रानात गवत हवे, आणि ज्वारी-बाजरीच्या फेरपालटीत मटकी, हुलगा, भुईमूग यांसारखे जमीन झाकणारे पीक हवे. उताराला आडव्या पट्ट्यांत ते घेतले तर वाहते पाणी तेथे थबकते. सह्याद्रीच्या वरकस जमिनीत नाचणी, मग वरी, मग कारळा आणि नंतर काही वर्षे गवत, हा क्रम याच शहाणपणाचा होता. गवताची वर्षे जसजशी कमी झाली, तसतसा खडक वर आला.

पण फेरपालट कुणाला परवडते? दहा एकरवाला दोन एकर सोडू शकतो. ज्याच्या वाट्याला इनामाचा तुकडा, तोही भावकीत वाटून गुंठ्यांवर आलेला, त्याने यंदा गवत पेरून खायचे काय? त्याला फेरपालटीवर व्याख्यान देणारा कृषी अधिकारी आम्हाला त्या साहेब लोकांचाच वारस वाटतो.

हीच गाठ बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात दुसऱ्या टोकाने धरली. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरची जादा माणसे उद्योगात गेली पाहिजेत, असे त्यांनी मांडले. जोतीराव तेव्हा नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते. मातीवरचा भार उतरवायचा तर माणसाला मातीबाहेर भाकर मिळाली पाहिजे, हे दोघांचे लिखाण शेजारी ठेवले की दिसते. वरकस रानातला गडी आज मुंबईला हमाली करतो, पण त्याचा तुकडा घरी राहिलेली म्हातारी अजून दरसाल नांगरून घेते.