साताऱ्याहून परत आलेला मुलगा

परीक्षा हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. निकालाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. शेजारीपाजारी टक्के विचारतात, आणि टक्के सांगून झाले की पुढचे काही विचारीत नाहीत. आपण वर्षभर काय वाचले, काय कळले, काय आवडले याची चौकशी मला तरी आजवर फारशी कोणी केलेली नाही. म्हणूनच यंदाच्या अंकासाठी कोणावर लिहावे असा प्रश्न आला तेव्हा महर्षी अण्णासाहेब कर्वे आठवले. त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यावर आपण सर्वांनी निबंध लिहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर तेही गुण मिळावेत म्हणूनच! मला सांगायचे आहे ते त्यांच्या परीक्षांविषयी.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. घरची गरिबी होती. गावात सोमण गुरुजींसारखा माणूस लाभल्यामुळे मुलाला वाचनाची गोडी लागली आणि देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे आले. या वाचनाला कोणी गुण देत नव्हते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

त्या काळी मराठी सहावीच्या परीक्षेला मोठे मोल होते. ती पास झालेल्या मुलाला मास्तरकी किंवा सरकारी नोकरी मिळण्याची आशा असे. १८७५ साली सतरा वर्षांचा धोंडो या परीक्षेला निघाला. पावसाळ्याचे दिवस, समुद्र खवळलेला, त्यामुळे बोटीने मुंबईस जाण्याची सोय नाही. उरले साताऱ्याचे केंद्र. मुरूडहून साताऱ्याला जायचे म्हणजे शंभराहून अधिक मैलांची पायपीट, आणि मध्ये सह्याद्री उभा. पाठीवर सामान घेऊन ही मुले चालत निघाली आणि कुंभार्ली घाट चढून, दिवसामागून दिवस चालत साताऱ्यास पोहोचली.

तेथे परीक्षासमितीपुढे उभे राहिल्यावर काय झाले? परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षांची अट होती. धोंडोचे वय भरत होते, पण अंगकाठी किरकोळ, चेहरा पोरसवदा. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून समितीने त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. नापास होणे निराळे. निदान पेपर तरी लिहिलेला असतो. येथे एक अक्षरही न लिहिता मुलाला परत फिरावे लागले, आणि परतीची वाट तेवढीच लांब होती.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे असे प्रसंग मोठ्या माणसाच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगण्याची प्रथा आहे. मला मात्र त्यात दुसरेच काही दिसते. त्या समितीला मुलाची उंची दिसली, त्याचे वाचन दिसले नाही. मोजणारा आपल्या हातातल्या मापानेच मोजतो, आणि ते माप कशाचे आहे हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. आज टक्क्यांच्या मापाखाली उभ्या असलेल्या शाळकरी पोरांचे चेहरे पाहिले की मला साताऱ्याची ती खोली आठवते.

ती परीक्षा कर्वे पुढे कोल्हापुरास जाऊन पास झाले. इंग्रजी शिक्षण तर फारच उशिरा सुरू झाले. मॅट्रिक झाले १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची पदवी हाती पडते त्या वयात ते शाळेतून बाहेर पडत होते! मुंबईत शिकवण्या करून पोट भरीत ते शिकले आणि १८८४ साली गणित घेऊन एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या घरात परीक्षेतले यश कमी नव्हते. ज्यांचे शिक्षण अण्णांच्या घरी राहून झाले ते नात्यातले भाऊ र. पुं. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्याच वर्षी मुलगा रघुनाथ मॅट्रिकला पहिला आला. पण या रघुनाथरावांना पुढे संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडावी लागली. पहिला नंबर त्या वेळी कामास आला नाही.

१८९३ साली अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला व पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कॉलेजातले तास संपले की प्राध्यापक कर्वे रोज पायी हिंगण्याला जात. तेथे शिकणाऱ्या स्त्रियांत त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले होत्या. वैधव्य आल्यावर पंचविशी उलटून गेली असताना त्या अक्षरे गिरवू लागल्या. पुढे हीच बाई संस्थेसाठी निधी जमवायला अमेरिकेत गेली, तेथे लोकांच्या घरी कामे केली. कोणत्या इयत्तेच्या कोणत्या गुणपत्रिकेत हे बसवायचे?

१९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. पहिल्या कॉलेजात विद्यार्थिनी अवघ्या पाच. शिक्षण मातृभाषेतून, गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र या विषयांना मानाचे स्थान. स्त्रियांचा अभ्यासक्रम असा निराळा असावा, हा त्यांचा विचार मला पटत नाही, आणि आमच्या वर्गातील मुलींना तर मुळीच पटणार नाही. तेव्हाही अनेक सुशिक्षितांना तो पटला नव्हता. पण एक गोष्ट त्यांनी केली तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. या विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती. नोकरीच्या बाजारात तिथल्या पदवीला सरकारी शिक्क्याची किंमत नव्हती. तरीही मुली येत राहिल्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. पण मान्यता दूरच राहिली. पदवीचा उपयोग काय, असे त्या मुलींना घरी कोणी विचारले नसेल काय? विचारलेच असणार. मान्यतेसाठी थांबायचे ठरवले असते तर मात्र त्यांतल्या अनेकींना शिकताच आले नसते.

१९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णा खेड्यांकडे वळले. जेथे शाळाच नाही अशा गावांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले आणि लहान लहान देणग्या गोळा करीत ते स्वतः पायी फिरू लागले. लहानपणी मुलांच्या वाटेवर उभा राहणारा घाट त्यांना चांगलाच ठाऊक होता.

महिला विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली. त्या वेळी अण्णा त्र्याण्णव वर्षांचे होते. पहिल्या तुकड्यांतील काही पदवीधर तोवर आजी झाल्या असतील.