सांत्वन करणाऱ्या सावित्रीबाई

रुग्णसेवा करणाऱ्यांच्या मनावरील ताणाचा प्रश्न २०२० च्या कोरोना साथीत ठळकपणे पुढे आला. त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना प्राण गमावलेल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या जीवनातही हा प्रश्न होता. जुन्नर तालुक्यातील ओतूर हे गाव त्याचे साक्षीदार आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकविताना त्यांनी समाजाचा रोष सोसला. १८५६ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्या विश्रांतीसाठी माहेरी नायगावला गेल्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहून प्रकृतीची खुशाली कळविली आणि भावाशी झालेल्या वैचारिक मतभेदांचा वृत्तान्तही मोकळेपणाने सांगितला.

पुढे १८७६ चा भीषण दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाच्या मदतकार्यासाठी सावित्रीबाई ओतूर येथे होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी तेथून जोतीरावांना पुन्हा पत्र लिहिले. अन्नावाचून तडफडणारी माणसे, मरून पडणारी जनावरे, सावकारांची लुबाडणूक आणि कार्यकर्त्यांची धरपकड हे सारे त्यात आले आहे. कलेक्टरांसमोर आपण कार्यकर्त्यांची बाजू निर्भयपणे मांडली, हेही त्यांनी कळविले. रोज पाहिलेले दुःख विश्वासाच्या माणसापाशी उघड करून त्या पुन्हा कामाला लागत. पती-पत्नीच्या सहजीवनातील हा संवाद त्यांचा मोठा आधार होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले आणि तो आधार तुटला. तरीही सावित्रीबाई सत्यशोधक चळवळीत कार्यरत राहिल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना सुरू केला. भीतीपोटी नातलगही दूर राहत असताना सावित्रीबाई रुग्णांना धीर देत होत्या. मुंढवा येथील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. याच सेवेत त्यांनाही प्लेगची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या त्यागाचा गौरव दरवर्षी होतो. मात्र, इतरांना धीर देणाऱ्यालाही विश्रांती आणि मन मोकळे करण्यासाठी हक्काचे माणूस लागते, हे नायगाव व ओतूरच्या पत्रांतून कळते. रुग्णसेवकांचा सन्मान करताना समाजाने हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.