दागिने मोडून समुद्रात राहिलेली सिमोन

नाशकात आमच्या द्वारका भागात हल्ली भिशीच्या गप्पांत मालवणच्या स्कूबा डायव्हिंगचा विषय हमखास निघतो. पोहता न येणाऱ्या बायकासुद्धा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरून प्रवाळ आणि रंगीत मासे बघून येतात. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी आणि सोबतीला प्रशिक्षक! या नळीच्या गोष्टीत एक बाई आहे, ती मला फार आवडते. तिचं नाव सिमोन कुस्तो.

सिमोनचा जन्म १९१९ मध्ये फ्रान्समधल्या तुलाँ या बंदराच्या गावी झाला. घरात नौदलाचं वातावरण, लहानपणीची काही वर्षं जपानमध्ये गेलेली. १९३७ मध्ये, अठराव्या वर्षी, नौदलातल्या जाक कुस्तोशी तिचं लग्न झालं. तीन वर्षांत दोन मुलगे झाले. इथपर्यंत सगळं चारचौघींसारखंच.

जाकला ध्यास होता माशासारखं पाण्याखाली फिरण्याचा. सिमोनचे वडील तेव्हा ‘एअर लिक्विड’ या गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या ओळखीतून एमिल गान्यां हा इंजिनिअर भेटला. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून त्यानं मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक व्हॉल्व्ह बनवला होता. त्यावरूनच १९४३ मध्ये, श्वास घेतला की तेवढीच हवा सोडणारा रेग्युलेटर तयार झाला. समुद्रातल्या चाचणीच्या वेळी जाक खाली गेला आणि पाण्यात तोंड घालून वरून त्याच्यावर नजर ठेवत पोहत होती सिमोन. पुढे ती स्वतःही उतरली. स्कूबा करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून आज तिचंच नाव घेतात.

१९५० मध्ये कुस्तोंना ‘कॅलिप्सो’ हे जहाज मिळालं. एका धनिकानं ते नाममात्र भाड्यानं दिलं, पण ते सज्ज करायला पैसा कुठून आणायचा? सिमोननं आपले दागिने आणि फरचे कोट विकले. मैत्रिणींनो, दागिने मोडणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! १९५१ मध्ये जहाज निघालं ते तांबड्या समुद्रातली प्रवाळं बघायला.

मग जहाज हेच तिचं घर झालं. नवऱ्यापेक्षाही ती तिथे जास्त राहिली. सगळ्या पुरुष खलाशांत ही एकटी बाई! त्यांची दुखणी-खुपणी, रुसवे-फुगवे तीच सांभाळायची. खलाशी तिला मेंढपाळीण म्हणत, सगळा कळप राखणारी. मुलं मात्र बोर्डिंगच्या शाळेत ठेवावी लागली, ही किंमतही तिनं मोजली. १९६३ मध्ये सुदानजवळ समुद्राच्या तळाशी कुस्तोंनी चक्क घर उभारलं. तिथे खाली जाऊन तिनं लग्नाचा सव्विसावा वाढदिवस साजरा केला.

जाकच्या सिनेमांनी जग वेडं केलं. सिमोन मात्र कॅमेऱ्यासमोर यायचीच नाही. ते तिला आवडतच नसे. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. १९९० मध्ये कॅन्सरनं ती गेली. तिची रक्षा समुद्रालाच अर्पण केली. पुढच्याच वर्षी जाकनं दुसरं लग्न केलं. त्या संसारातली दोन मुलं सिमोन हयात असतानाच जन्मली होती. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं. पण तिला नुसती बिचारी म्हणायला माझं मन धजत नाही. समुद्र तिनं स्वतः निवडला होता.

म्हणून सांगते, मालवणला गेलात तर नुसत्या काठावर बसू नका. पावसाळा सोडून जा. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवस गेले असतील तर मात्र नकोच. खाली गेल्यावर तोंडानं संथ श्वास घेत राहा, कधीही रोखून धरू नका. कानात दडे बसले तर लगेच प्रशिक्षकाला खूण करा. आणि प्रवाळाला हात लावू नका. दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत आहे, शिवाय १९८७ पासून मालवणचा समुद्र अभयारण्य आहे.

चपला-पिशव्या राखायला यंदा घरच्यांना बसवा. खाली तुम्ही उतरा!