ताराबाईंची अंगणशाळा

शरद ऋतू आला, पावसाने उसंत घेतली, की लहान मुलांचे खिसे भरू लागतात. वाळलेली पाने, गवताचे तुरे, खडे, बिया. घरी आल्यावर आई खिसा उलटा करते आणि तो सगळा कचरा बाहेर जातो. या कचऱ्याला शिक्षणात मोल आहे, हे महाराष्ट्राला दाखवून दिले ताराबाई मोडक यांनी.

१८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांतल्या केळकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची, भरवशाची नोकरी! बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला तिची किंमत चटकन कळते. १९२३ मध्ये ताराबाईंनी ती सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या रुजू झाल्या.

तिथे मॉन्टेसरी पद्धत चालत असे. मूल अक्षराच्या आधी हाताने, कानाने, नाकाने शिकते, हे तिचे सूत्र. त्यासाठी खरखरीत-गुळगुळीत पाट्या, रंगांच्या पट्ट्या, आवाजाच्या डब्या लागत. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. काम वाढले, पण एक प्रश्न ताराबाईंना सोडेना. ही महागडी साधने गरिबाच्या मुलाला कोण देणार?

उत्तर शोधायला १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. दुकानातली साधने बाजूला पडली. शंख-शिंपले, खडे, पाने, फुले, बिया हीच साधने झाली. शिंपले मोजायचे, पाने आकाराने लावायची, बिया चाचपून ओळखायच्या. तरीही काही मुले शाळेत येत ना. मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम चालले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली.

१९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज ते देशभर गावोगावी पाटीवर दिसते.

तेव्हा या शरदात नातवाचा खिसा उलटा कराल, तो एखाद्या पसरट परातीत करा. वाळकी पाने, गवत, मूठभर भात त्यात घाला आणि शेजारी बसा. मूल फार लहान असेल तर बिया आणि खडे मात्र काढून ठेवा. हाती आले ते तोंडात जाते. बाकी त्याला हवे ते करू द्या. पाने चुरगळतील, भात सांडेल, घर थोडे अस्ताव्यस्त होईल. झाडू जरा उशिराने फिरवला तरी चालेल.