माळी व्हायचे होते त्याला

नेपानगरची कागद गिरणी पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्राला अर्पण केली. अशा गिरणीच्या गावी संडे स्कूलमध्ये मुलांना मोठेपणी कोण होणार असे विचारावे, तर कामगाराचा मुलगा आणि साहेबाचा मुलगा यांची उत्तरे सहसा निराळी येतात. मूल डोळ्यांपुढे दिसते तेवढेच मागते. या संदर्भात आम्हांस विल्यम केरी आठवतात. वाफेच्या यंत्रावर चालणारा कागदाचा कारखाना त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी १८२० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे चालविला होता.

केरी १७६१ साली इंग्लंडमधील एका खेड्यात जन्मले. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. घरी पुस्तकांची ओळख होती, पण पुढील शिक्षणास पैसा नव्हता. कॅनडातून परतलेले पीटर काका माळीकाम करीत. त्यांच्या नादाने मुलाची खोली किडे, पाखरे व रोपट्यांनी भरून गेली आणि आपण माळी व्हावे असे त्याने ठरविले. विणकराच्या मुलास याहून मोठे स्वप्न पडणार तरी कोठून? पण उन्हाने त्याच्या अंगाची कातडी उतू लागली. तेव्हा सावलीत बसून करण्याचे काम म्हणून चौदाव्या वर्षी त्याला जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवार ठेवले. त्या दुकानात एका पुस्तकात ग्रीक अक्षरे दिसली, आणि ती कळेपर्यंत त्याला चैन पडेना.

१७९३ साली ते बंगालला आले. पत्नी डॉरोथी मन मारून आल्या. येथे एक मूल दगावले आणि पुढे त्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली. त्या माउलीच्या वाट्याचे दुःख चरित्रकार फार थोडक्यात उरकतात, असे आम्हांस वाटते.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. एका मोठ्या मेजवानीत कोणी अधिकाऱ्याने त्यांच्या जुन्या धंद्याची कुजबूज केली. तेव्हा आपण नवे जोडे करणारेही नव्हतो, फाटके सांधणारे होतो, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. पुत्र फेलिक्स मिशन सोडून ब्रह्मदेशाच्या राजाचा वकील झाला, तेव्हा मात्र बापाला अभिमान न वाटता खेदच झाला.

श्रीरामपुरास त्यांनी मोठी बाग लावली. १८२३ च्या पुराने ती उद्ध्वस्त केली. त्यांनी ती पुन्हा लावली. १८३४ साली अखेरच्या आजारात त्यांना खुर्चीत बसवून त्या झाडांकडे नेत असत.