विश्लेषण : रक्त वाढवणाऱ्या जीवनसत्त्वापासून रक्ताच्या कर्करोगावर औषध कसे निघाले? कोण होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव?

गरोदर स्त्रीला दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी, संधिवाताच्या रुग्णाला आठवड्यातून एकदा मिळणारे मेथोट्रेक्सेट आणि विदर्भात हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेत घरोघरी वाटली जाणारी डीईसीची गोळी. तिन्ही औषधांचा एकमेकांशी संबंध नाही असे वाटते. पण ती एकाच संशोधन विभागातून बाहेर पडली आणि त्या विभागाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या ‘एटीपी’ या रेणूच्या शोधातही त्यांचा वाटा होता. तरीही त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. असे का झाले?

सुब्बाराव अमेरिकेत कसे पोहोचले?

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकत असताना गांधीजींच्या प्रभावामुळे त्यांनी शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा झगा घातला. त्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालच्या दर्जाची पदवी मिळाली, असे सांगितले जाते.

याच काळात संग्रहणीने, म्हणजे स्प्रू या आतड्याच्या आजाराने, त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. स्वतः सुब्बाराव यांनाही तोच आजार झाला. आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले. त्यानंतर मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी काही काळ शिकवले. या आजाराचे नेमके कारण शोधायचे, तर परदेशी जाऊन संशोधन करायला हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. सासऱ्यांनी पैशाची मदत केली. पत्नी शेषगिरी यांना मागे ठेवून ते बोस्टनला गेले. लवकर परतण्याचा विचार होता, पण ते मायदेशी कधीच परतले नाहीत.

हार्वर्डमध्ये त्यांनी काय शोधले?

पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करत सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय वैद्यकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे ते तिथल्याच जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करू लागले. रक्तात आणि ऊतींमध्ये फॉस्फरस किती आहे, हे मोजण्याची सोपी पद्धत दोघांनी १९२५ मध्ये मांडली. नमुन्यात विशिष्ट रसायने घातली की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ या नावाने ती आजही विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

या पद्धतीमुळे मोठे दार उघडले. स्नायूंमध्ये फॉस्फरस नेमका कोणत्या स्वरूपात असतो, हे तपासताना १९२७ मध्ये त्यांना फॉस्फोक्रिएटिन सापडले. १९२९ मध्ये एटीपी हाती लागले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही एटीपी स्वतंत्रपणे शोधले होते.

एटीपीला पेशीचे चलन म्हणता येईल. अन्नातून मिळालेली ऊर्जा पेशी एटीपीच्या रूपात साठवते आणि गरज पडेल तेव्हा खर्च करते. फॉस्फोक्रिएटिन हा स्नायूंचा राखीव साठा. धावताना पहिल्या काही सेकंदांत एटीपी खर्च झाले की हा साठा ते लगेच भरून काढतो. स्नायूंचे आकुंचन लॅक्टिक आम्लामुळे होते, असे तोवर मानले जात होते. या शोधांमुळे तो समज डळमळीत झाला.

मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांचा यात काय संबंध?

सुब्बाराव हार्वर्डमध्ये होते, त्याच सुमारास लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत एका वेगळ्या कोड्यावर काम करत होत्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होत होता. त्यांच्या लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. अर्कातील तो अज्ञात घटक म्हणजे फोलेट, हे पुढे स्पष्ट झाले. १९४१ मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

पण पालकातून औषध मिळवणे परवडणारे नव्हते. टनावारी भाजीतून अगदी थोडा पदार्थ हाती यायचा. तो प्रयोगशाळेत तयार करणे गरजेचे होते.

फॉलिक ॲसिड कसे तयार झाले?

हार्वर्डमध्ये कायम नेमणूक न मिळाल्याने सुब्बाराव १९४० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि पुढे तिथले संशोधन संचालक झाले. त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले. रक्तक्षयाच्या आणि संग्रहणीच्या रुग्णांवर त्याचा गुण दिसू लागला.

हे का घडते? पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्या डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते. त्या प्रतीसाठी लागणारे घटक बनवायला फोलेट हवे. ते कमी पडले की पेशी वाढते, पण दुभंगत नाही. म्हणूनच लाल पेशी मोठ्या आणि मोजक्या राहतात. आतड्याचे अस्तरही सतत नवे होत असते. संग्रहणीत फोलेट नीट शोषले जात नाही, त्यामुळे अस्तर आणखी बिघडते आणि शोषण आणखी घटते. फॉलिक ॲसिडने हे दुष्टचक्र तुटते.

मग त्यातून कर्करोगाचे औषध कसे निघाले?

बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना लेडर्लीकडून आलेली फॉलिक ॲसिडची संयुगे देऊन पाहिली. परिणाम उलटा दिसला. आजार वेगाने वाढला. म्हणजे कर्कपेशींनाही विभाजनासाठी फोलेटच लागत होते. तसे असेल, तर तेच तोडता येईल का?

सुब्बाराव यांच्या चमूने यासाठी नकली रेणू तयार केले. दिसायला फॉलिक ॲसिडसारखेच, पण रचनेत किंचित बदल. पेशीतील डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर फोलेटला वापरण्यायोग्य रूप देते. नकली रेणू या विकराला घट्ट चिकटतो आणि सोडत नाही. जणू खोटी किल्ली कुलपात अडकते, मग खऱ्या किल्लीलाही जागा उरत नाही. डीएनएचे काम थांबते आणि भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात.

असाच एक रेणू, अमिनोप्टेरिन, फार्बर यांनी मुलांना दिला. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण औषधाने ल्युकेमिया माघार घेऊ शकतो हे दिसले होते. अमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही बालकांच्या ल्युकेमियावरील उपचारांत वापरले जाते.

सुब्बाराव विस्मरणात का गेले?

एक कारण म्हणजे त्यांचा स्वभाव. प्रसिद्धीपासून ते दूर राहिले आणि लेडर्लीतील अनेक शोधनिबंधांवर त्यांचे नावच नाही. दुसरे कारण हार्वर्डमधील. पुढे नोबेल मिळवणाऱ्या जॉर्ज हिचिंग्ज यांच्या मते, फिस्के यांनी असूयेपोटी सुब्बाराव यांचे काही काम उजेडात येऊ दिले नाही आणि इतरांना ते नंतर पुन्हा शोधावे लागले. तिसरे कारण काळाचे. फार्बर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे न्यूयॉर्कजवळ झोपेत निधन झाले. वय अवघे ५३. टेट्रासायक्लिन गटातील पहिले प्रतिजैविक ऑरिओमायसिन त्यांच्याच विभागात बेंजामिन डग्गर यांनी शोधले होते, तेही त्याच वर्षी जगासमोर आले. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांचे तिकीट काढले.

आज या औषधांचे महत्त्व काय?

गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जन्मजात दोष राहण्याचा धोका बराच कमी होतो. मेथोट्रेक्सेट संधिवातात अगदी कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच दिले जाते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते, कारण ते निरोगी पेशींचेही फोलेट तोडते. म्हणूनच या रुग्णांना डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिडही लिहून देतात. एकाच चिठ्ठीवर सुब्बाराव यांच्या विभागातील दोन रेणू येतात. एक पेशींची वाढ रोखणारा आणि दुसरा त्यांना सावरणारा. त्यातल्या दुसऱ्यात संग्रहणीचेही औषध होते. त्यांच्या भावांना मात्र ते मिळू शकले नाही.